गाठ सापडली, पुढे काय? – अन्ननलिकेतल्या दुर्मिळ साध्या गाठींचे निदान

(मंचाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. लिहून काढताना थोडी काटछाट केली आहे, पण बोलण्याचा ढंग तसाच ठेवला आहे.)



आपल्या मंचावर एरवी जात, शिक्षण, स्त्रियांचे प्रश्न, विस्थापन, अंधश्रद्धा अशा विषयांवर बोलणे होते. त्या यादीत 'अन्ननलिकेतील साध्या गाठी' हे शीर्षक पाहून दोघातिघांनी ईमेलने विचारले, की कार्यक्रमपत्रिकेत काही घोटाळा तर झाला नाही ना? घोटाळा नाही. विषय मीच सुचवला. संयोजकांनी तो मान्य केला याबद्दल त्यांचे आभार.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. म्हणजे रोग्याची नाडी मी कधी पाहत नाही. त्याच्या शरीरातून काढलेला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा माझ्याकडे येतो आणि तो काय आहे हे मला सांगायचे असते. माझ्या दोन ओळींवर पुढे कोणाची तरी छाती उघडायची की नाही हे ठरते. त्यामुळे 'आपल्याला हे कशावरून कळले?' हा प्रश्न माझ्यासाठी तत्त्वज्ञानाचा नाही, रोजच्या कामाचा आहे. आपण स्वतःला विवेकवादी म्हणवतो. गणपती दूध पितो का यावर विवेकवादी असणे सोपे असते. आईच्या रिपोर्टमध्ये 'मास' हा शब्द वाचल्यावर विवेकवादी राहणे अवघड जाते. आज मला त्या दुसऱ्या प्रसंगाबद्दल बोलायचे आहे.

शब्दांपासून सुरुवात करू. मराठीत 'गाठ' म्हटले की ऐकणारा कॅन्सर असे ऐकतो. गाठ म्हणजे पेशींची वाढ. तिचे ढोबळ दोन प्रकार. साधी गाठ जागच्या जागी, बहुधा सावकाश वाढते. शेजारच्या भागात घुसत नाही आणि रक्तातून किंवा लसिकेतून दुसरीकडे जात नाही. कर्करोगाची गाठ ही दोन्ही कामे करते. अन्ननलिकेच्या बाबतीत साध्या गाठी मुळातच दुर्मिळ. तिथे जी गाठ त्रास देते आणि डॉक्टरकडे घेऊन येते, ती बहुतेक वेळा कर्करोगाची असते. हिंदुस्थानात तंबाखू, मिश्री, विडी, दारू यांच्याशी जोडलेला कर्करोग जास्त दिसतो. इथे अमेरिकेत अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा, वर्षानुवर्षांच्या आम्लपित्ताशी आणि लठ्ठपणाशी संबंध असलेला कर्करोग बराच वाढला आहे. तेव्हा मी पुढे जे सांगणार आहे ते ऐकून 'घास अडकतोय, पण साधी गाठ असेल' असे म्हणून कोणी घरी बसू नये. आधी भाकरी अडकते, मग भात अडकतो, मग पाणीसुद्धा, आणि वजन उतरू लागते, हा क्रम दिसला तर त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी. हे आधीच सांगून ठेवते.

आता अन्ननलिकेची रचना. साधारण २५ सेंटिमीटर लांबीची ही नळी. तिची भिंत थरांची असते. आतून अस्तर, त्याखाली सैल ऊतीचा थर, त्याखाली स्नायूंचा जाड थर, आणि बाहेरून विरळसे वेष्टण. सगळ्यात आतल्या अस्तराच्या तळाशीही स्नायूची एक पातळ पट्टी असते. हे थर लक्षात ठेवा, कारण निदानातला पहिला प्रश्न 'गाठ केवढी' हा नसून 'गाठ कुठल्या थरातली' हा आहे. अस्तरातून उगवलेली गाठ वेगळी, मधल्या थरातली वेगळी, स्नायूतली वेगळी.

अन्ननलिका लवचिक आहे. स्नायूतली गाठ दोन-तीन सेंटिमीटरची झाली तरी नळी बाजूने ताणली जाते आणि घास सरकत राहतो. म्हणून साध्या गाठी बहुतेक वेळा काहीच त्रास देत नाहीत. त्या सापडतात दुसऱ्याच कारणाने काढलेल्या फोटोत, सीटी स्कॅनमध्ये किंवा आम्लपित्तासाठी केलेल्या दुर्बिणीच्या तपासणीत. इथे आपला सगळ्यांचा संबंध येतो. आपल्यापैकी अनेकांनी आईवडिलांना 'फुल बॉडी चेकअप'चे पॅकेज भेट दिले आहे. लांब राहणाऱ्या मुलांच्या मनातली टोचणी त्याने थोडी कमी होते, हे मला समजते. पण ज्याला काहीही त्रास नाही त्याच्या शरीरात कॅमेरे आणि किरण फिरवले की काहीतरी सापडतेच. ते सापडल्यावर काय करायचे याचा विचार पॅकेजमध्ये नसतो.

दुर्बिणीचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण त्यातच तिची मर्यादाही कळते. १८६८ साली जर्मनीत फ्रायबुर्ग येथे आडोल्फ कुसमाउल या डॉक्टरने अन्ननलिकेत सरळ धातूची नळी घालून पाहिली. त्यासाठी त्याला तलवार गिळणारा एक कसरतपटू गाठावा लागला, कारण ताठ नळी गिळणे इतरांच्या आवाक्यातले नव्हते. पुढची मोठी उडी १९५४ सालची. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातल्या मोग्याहून आलेला तरुण संशोधक नरिंदर सिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेता येते हे दाखवले. ते वाचून बेसिल हर्शोविट्झ यांनी मिशिगनमध्ये १९५७ साली लवचिक दुर्बीण तयार केली, आणि ती आधी स्वतः गिळून पाहिली. आज आपण जी एंडोस्कोपी करून घेतो तिचे हे पूर्वज.

पण दुर्बिणीला दिसतो तो पृष्ठभाग. स्नायूतली गाठ तिला कशी दिसते? गुळगुळीत उंचवटा, वर अस्तर शाबूत, रंग आजूबाजूसारखाच. चादरीखाली लिंबू ठेवावे तसे. चादर तपासून लिंबाची जात कळत नाही. शिवाय तो उंचवटा गाठीचाच असेल असेही नाही. अन्ननलिकेच्या शेजारी महारोहिणी आहे, हृदयाचा डावा वरचा कप्पा आहे, पाठीचे मणके आहेत. यांपैकी काहीही मोठे झाले किंवा वाढले तर आत फुगवटा दिसतो. म्हणजे पहिल्या तपासणीने एवढेच कळते, की 'काहीतरी आहे'.

यावर उत्तर मिळाले ते दुर्बिणीच्या टोकाला अल्ट्रासाऊंडचे यंत्र बसवल्याने. १९८० साली याचे पहिले अहवाल प्रसिद्ध झाले. याला एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड म्हणतात. पडद्यावर भिंतीचे थर आलटून पालटून पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांसारखे दिसतात, सर्वसाधारणपणे पाच. चौथी काळी पट्टी म्हणजे मुख्य स्नायू. गाठ त्या पट्टीतून निघालेली दिसली, एकसारखी काळसर असली, कडा स्वच्छ असल्या, तर ती स्नायूची गाठ असण्याची शक्यता मोठी. तिसऱ्या पट्टीत चमकदार पांढरी दिसली तर बहुधा चरबीची. आत नुसताच काळा पोकळ भाग असला तर पाण्याची पिशवी, म्हणजे बरेचदा जन्मजात राहून गेलेला दुहेरी नळीचा अवशेष. महारोहिणीचा दाब असेल तर तोही इथेच उघडा पडतो. १९९० च्या दशकात याच दुर्बिणीतून सुई घालून नेमका नमुना घेण्याची सोय झाली, आणि माझ्यासारख्यांचे काम वाढले.

आता एकेक गाठ पाहू. सगळ्या सांगत नाही; ज्यांच्यामुळे निर्णय चुकू शकतो अशा चारच घेते.

पहिली लायोमायोमा. स्नायूपेशींची साधी गाठ. अन्ननलिकेतल्या साध्या गाठींपैकी साधारण दोन तृतीयांश याच. वय बहुधा २० ते ५०, पुरुषांत स्त्रियांच्या जवळपास दुप्पट, जागा अन्ननलिकेचा मधला किंवा खालचा भाग. बेरियम पिऊन काढलेल्या एक्स-रेमध्ये कडेला अर्धचंद्रासारखी गुळगुळीत खाच दिसते. तिचे कर्करोगात रूपांतर होणे जवळजवळ ऐकिवात नाही.

इथे एक गोष्ट सर्वसामान्य समजुतीच्या उलट आहे. रोगी म्हणतो, 'डॉक्टर, दुर्बीण आत गेलीच होती तर चिमटा घेऊन तुकडा का नाही काढला?' कारण नेहमीचा चिमटा अस्तराचाच तुकडा आणतो, खालच्या गाठीपर्यंत पोचत नाही. माझ्याकडे 'निरोगी अस्तर' येते आणि मी तेवढेच लिहू शकते. शिवाय पुन्हा पुन्हा खोल चिमटे घेतले तर अस्तर गाठीला चिकटते. पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली तर गाठ अलगद सोलून निघत नाही, अस्तर फाटण्याचा धोका वाढतो. म्हणून अनुभवी डॉक्टर गुळगुळीत उंचवटा पाहून हात आखडता घेतो आणि आधी अल्ट्रासाऊंड करायला सांगतो. तो टाळाटाळ करत नसतो. 'काहीतरी करा' हा आपला आग्रह दर वेळी हिताचा नसतो.

एक अपवाद सांगून ठेवते. लहान वयात अन्ननलिकेचा मोठा भाग जाड झालेला असेल आणि त्याच घरात मूत्रपिंडाचा विकार किंवा कमी ऐकू येणे असेल, तर ती सुटी गाठ नसून आल्पोर्ट सिंड्रोमशी जोडलेला आनुवंशिक प्रकार असू शकतो. तिथे एकट्या अन्ननलिकेकडे पाहून भागत नाही.

दुसरी गाठ जिस्ट. अल्ट्रासाऊंडवर ती लायोमायोमासारखीच दिसते: तीच चौथी पट्टी, तोच काळसर रंग. साध्या रंगवलेल्या काचपट्टीवरही दोन्हीत लांबट पेशींच्या जुड्या दिसतात. पण स्वभाव वेगळा; जिस्ट पुढेमागे पसरू शकते. १९९८ साली जपानमध्ये सेइची हिरोता आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की या गाठींत 'किट' नावाच्या जनुकात बिघाड असतो. त्यापूर्वी अनेक जिस्ट गाठी स्नायूच्या गाठी म्हणून नोंदल्या जात होत्या. आता आम्ही विशिष्ट प्रथिने रंगवून पाहतो. डेस्मिन आणि स्नायूंचे ॲक्टिन रंगले, सीडी११७ व डीओजी१ कोरे राहिले, तर लायोमायोमा. सीडी११७ आणि डीओजी१ रंगले तर जिस्ट. हा फरक कळला म्हणून जिस्टसाठी इमॅटिनिबसारखे नेमके औषध देता येऊ लागले.

इथे जागेचे महत्त्व पाहा. जठरात अशी स्नायूच्या थरातली गाठ दिसली तर ती बहुधा जिस्ट असते. अन्ननलिकेत तशीच गाठ दिसली तर बहुधा लायोमायोमा असते. चित्र एकच, पण जठरापासून वीतभर वर सरकले की अर्थ बदलतो. म्हणून रिपोर्टमधले एक वाक्य उचलून इंटरनेटवर शोधले की माणूस भलत्याच ठिकाणी पोचतो. पुरावा कधी एकटा बोलत नाही. तो कुठून आला आणि तिथे एरवी काय आढळते, हेही विचारावे लागते.

तिसरी ग्रॅन्युलर सेल ट्यूमर. १९२६ साली मॉस्कोचे पॅथॉलॉजिस्ट अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांनी हिचे वर्णन केले. हे तेच अब्रिकोसोव्ह, ज्यांनी १९२४ साली लेनिनच्या पार्थिवाचे शवविच्छेदन केले होते. त्यांना ही गाठ स्नायूतून आली असे वाटले होते. पुढे कळले, की ती मज्जातंतूंना वेटोळे घालणाऱ्या श्वान पेशींपासून होते. एस-१०० हे प्रथिन रंगवले की ती ठळक उठून दिसते. दुर्बिणीतून ती लहान, पिवळट पांढरी, घट्ट आणि कधी दाढेसारखी मधे खळगा असलेली दिसते. पचनमार्गात ही गाठ सर्वांत जास्त अन्ननलिकेतच सापडते. ती अस्तराला लागून असते, त्यामुळे इथे चिमट्याचा उपयोग होतो.

हिचा सापळा माझ्या टेबलावर आहे. या गाठीच्या वरचे अस्तर डिवचल्यासारखे वाढते आणि जिभा काढल्यासारखे खाली उतरते. तुकडा जर वरवरचा असेल आणि खालच्या दाणेदार पेशी त्यात आल्याच नसतील, तर ते दृश्य कर्करोगासारखे दिसू शकते. घाईने तसे लिहिले तर काय होईल याचा विचार करा. कर्करोगासाठी अन्ननलिका काढून जठर वर ओढून जोडणे ही पोट आणि छाती या दोन्हींतली मोठी शस्त्रक्रिया. माणसाचे खाणे, झोपणे, वजन सगळे बदलून जाते. आणि खाली बसलेली असते एक साधी गाठ, जी बहुतेकदा दुर्बिणीतूनच काढता येते किंवा तशीच सोडता येते. म्हणून आमच्यात शिस्त अशी, की पेशी फारशा बिघडलेल्या दिसत नसताना अस्तर खाली उतरलेले दिसले, तर खाली काय आहे ते पाहिल्याशिवाय कर्करोग हा शब्द लिहायचा नाही. तुकडा अपुरा असेल तर 'अपुरा आहे, पुन्हा पाठवा' असे लिहायचे. असा रिपोर्ट आला की घरचे लोक चिडतात. माझी विनंती आहे, चिडू नका. त्या वेळचे ते सर्वांत प्रामाणिक उत्तर असते.

चौथी फायब्रोव्हॅस्क्युलर पॉलिप, अगदी उलट स्वभावाची. ही अन्ननलिकेच्या वरच्या टोकाला, घशाच्या जवळ उगम पावते आणि प्रत्येक घासाबरोबर खाली ओढली जाऊन लांबत जाते. वीतभर किंवा त्याहून लांब झालेल्या पॉलिप नोंदलेल्या आहेत. तिच्यावरचे अस्तर नेहमीसारखेच असल्याने एवढी मोठी गाठसुद्धा दुर्बिणीतून निसटू शकते; डॉक्टरला वाटते ही भिंतच आहे. कधी खोकल्याने ती उलटून तोंडात येते. श्वासनलिकेवर बसली तर जीव जाऊ शकतो. म्हणजे पेशींच्या दृष्टीने साधी, पण रोग्याच्या दृष्टीने साधी नव्हे. अलीकडची भर अशी, की या जातीच्या जुन्या मोठ्या गाठी पुन्हा तपासल्या तेव्हा त्यांतल्या बऱ्याच चरबीच्या सौम्य दिसणाऱ्या कर्करोगाच्या निघाल्या. एमडीएम२ या जनुकाच्या जादा प्रती हा त्याचा पुरावा. २०१८ साली यावर महत्त्वाचा लेख आला. जुन्या पुस्तकातले नाव नव्या पुराव्यापुढे सोडून द्यावे लागले. कोणाच्याही भावना दुखावल्या नाहीत. विज्ञानाची मला सर्वांत आवडणारी बाजू ही.

आता गाठच नसलेल्या गाठीबद्दल. हा भाग खास आपल्यासाठी.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सुईने घेतलेला एक नमुना आला. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. चाळिशीतली स्त्री, नोकरी संगणक क्षेत्रातली, जन्म महाराष्ट्रातला. गिळताना छातीत दुखायचे. दुर्बिणीत अन्ननलिकेच्या मध्यभागी गुळगुळीत उंचवटा. सीटीवर 'लायोमायोमाची शक्यता'. शस्त्रक्रियेची चर्चा सुरू झालेली. तिच्या डॉक्टरने आधी अल्ट्रासाऊंड केला. फुगवटा भिंतीतला नव्हता. बाहेरून चिकटलेल्या लसिकाग्रंथींचा होता. सुईने घेतलेल्या नमुन्यात मला पेशींचे गोल पुंजके दिसले आणि त्यांच्या मधे दह्याच्या चक्क्यासारखा मृत भाग. तो क्षयरोग होता. पुढच्या चाचण्यांनी त्याला दुजोरा दिला. छाती उघडावी लागली नाही. काही महिन्यांच्या गोळ्या पुरल्या.

नमुन्याबरोबरच्या कागदावर जन्म कुठला, घरात कोणाला टीबी होता का, यांपैकी काही लिहिलेले नव्हते. नंतर कळले, की लग्नाआधी तिच्या घरात एकाला टीबी झाला होता आणि तिला माहेरून ताकीद होती की हे कोणाला सांगायचे नाही. सासरी नाही, डॉक्टरलाही नाही. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. तिथे वाढलेल्या कोणाच्याही शरीरात जुना जंतू सुप्त असू शकतो. त्यात ना गरिबीची लाज, ना खानदानाचा डाग. इथल्या तरुण डॉक्टरने हा रोग पुस्तकातच पाहिलेला असण्याची शक्यता आहे. त्याला तो आपोआप सुचणार नाही, आपण सांगायला हवे. आपल्या चळवळीत आपण कलंकाबद्दल पुष्कळ बोलतो. विचारलेल्या प्रश्नाला आजाराचे खरे उत्तर देणे, विशेषतः घरातल्या बायकांना ते देण्याची मोकळीक असणे, हाही त्याच कामाचा भाग आहे.

समजा निदान झाले, लायोमायोमाच आहे. मग? त्रास नसेल आणि गाठ लहान असेल तर बहुधा काही करायचे नसते. पुन्हा कधी पाहायचे ते डॉक्टरशी ठरवावे. घास अडकत असेल, गाठ मोठी असेल, वाढत असेल किंवा निदानाची खात्री होत नसेल तर काढावी. पूर्वी त्यासाठी छाती उघडत. आता छातीला लहान छिद्रे पाडून गाठ सोलून काढता येते. २०१२ साली चीनमधल्या शांघायच्या डॉक्टरांनी आणखी एक रीत मांडली: दुर्बिणीतून अस्तराखाली बोगदा करायचा, गाठ काढायची आणि बोगद्याचे तोंड चिमट्यांनी बंद करायचे. निवडक रोग्यांत, अनुभवी हातांत ही रीत चांगली चालते.

'काही करायचे नाही' हे आपल्या लोकांना सर्वांत जड जाते, आणि त्या पोकळीत दुसरे लोक शिरतात. 'गाठ विरघळवणारे' चूर्ण, गोळ्या, अमुक फळाचा रस. व्हॉट्सअ‍ॅपवर अनुभवही येतो: 'डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले होते, तीन वर्षे हे औषध घेतले, गाठ तेवढीच आहे.' आता तुम्हीच सांगा, लायोमायोमा काहीही न घेता तीन वर्षे तेवढीच राहते. श्रेय कोणाला द्यायचे? 'गाठ गेली' असे सांगितले तर मी तीन प्रश्न विचारते. गाठ आहे हे आधी कशावरून ठरले होते, नमुन्यावरून की नुसत्या फुगवट्यावरून? आधी आणि नंतर मोजमाप त्याच पद्धतीने झाले का? आणि ज्यांची गाठ गेली नाही ते कुठे आहेत? ते अनुभव कोणी फॉरवर्ड करत नाही. निरुपद्रवी वाटणारी औषधेही नेहमी निरुपद्रवी नसतात. २००४ साली बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. सर्वांत मोठे नुकसान मात्र वेगळे: गाठ साधी आहे असे नमुन्याने ठरलेलेच नसेल, तर चूर्णाच्या त्या तीन वर्षांत कर्करोग शांतपणे वाढत असतो.

फिर्याद एकाच बाजूची नको. आधुनिक वैद्यकातही जिथे प्रत्येक कृतीचे वेगळे पैसे मिळतात तिथे 'काहीतरी करण्या'कडे कल झुकतो. ही बाब इथलीही आहे आणि आपल्या शहरांतल्या मोठ्या खासगी रुग्णालयांचीही. उलट टोकाला, ज्याच्याकडे विमा नाही किंवा जो तालुक्याच्या गावी राहतो त्याला घास अडकू लागल्यावरही दुर्बीण मिळत नाही. एकाला नको ती तपासणी, दुसऱ्याला हवी ती नाही. दोन्ही अन्यायच.

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. आईवडिलांचा किंवा स्वतःचा असा रिपोर्ट हातात आला तर हे विचारा. गाठ कुठल्या थरात आहे? एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड झाला का? नमुना गाठीतला आहे की नुसत्या अस्तराचा? कुठली प्रथिने रंगवली आणि उत्तर काय आले? आज काढली नाही तर काय होईल? मोठ्या शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत जरूर घ्या. पण त्याला रिपोर्टचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नका; त्यातून पहिल्याचे मत कळते, गाठ कळत नाही. काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे, म्हणजे ब्लॉक, मागून घ्या. भारतातल्या पुष्कळ प्रयोगशाळा ते नातेवाइकांच्या हाती देतात. घरी कपाटात, उन्हापासून लांब, नाव आणि तारीख घालून जपून ठेवा. त्या ठोकळ्यातून दहा वर्षांनीही नवी चाचणी करता येते. आज जे नाव दिले आहे ते उद्याच्या पुराव्याने बदलू शकते, आणि तो पुरावा द्यायला ठोकळा जागेवर असावा लागतो.

आणि एक. फोनवरून आईवडिलांना घाबरवू नका, आणि खोटा धीरही देऊ नका. 'गाठ आहे, कसली ते अजून कळायचे आहे, दोन आठवड्यांत कळेल' हे वाक्य मराठीत अगदी सरळ बोलता येते. मी अनेक घरांत पाहिले आहे, खरे काय ते कळले की म्हातारी माणसे आपल्यापेक्षा शांत राहतात.

 आता प्रश्न विचारा. फक्त स्वतःचे रिपोर्ट खिशातून काढू नका. ते चहाच्या वेळी.